राक्षसाचा जीव अंड्यात आणि अंड्याचं गुपित बाईकडे : रशिया ते स्कॉटलंड एकच गोष्ट कशी?

निवडणुका जवळ आल्या की 'राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा यांचा जीव महापालिकेत आहे' अशी वाक्यं भाषणांत हमखास ऐकू येतात. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. राक्षस कितीही बलवान असला, त्याच्यावर तलवार चालत नसली, तरी त्याचा जीव त्याच्या शरीरात नसतो. तो कुठेतरी लांब, पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. पोपटाची मान मुरगळली की राक्षस खलास. ही गोष्ट आपल्याकडे आजी-आजोबांनी सांगितलेली असते, म्हणून ती आपलीच वाटते.

पण रशियातल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्यालाही ही गोष्ट माहीत असते. फक्त पोपटाच्या जागी अंडं असतं आणि राक्षसाचं नाव असतं कोश्चेय. तिथून पार युरोपच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेलिक भाषेत सांगितल्या जाणाऱ्या कथेतही एक महाकाय आहे, त्याचाही जीव शरीराबाहेर आहे आणि तोही अंड्यातच आहे.

या साम्याबद्दल बोलताना बहुतेक वेळा चर्चा अंड्याभोवती फिरते. जीव अंड्यातच का? बदकात का? बेटावर का? पण दोन्हीकडच्या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. राक्षसाला अंडं मारत नाही. आपला जीव कुठे आहे हे त्याने कुणाला तरी सांगितलेलं असतं, ते त्याला मारतं. आणि ते सांगितलेलं असतं त्यानेच पळवून आणलेल्या बाईला.

स्लाव्ह आणि केल्ट म्हणजे नेमकं कोण?

ही दोन्ही नावं मुळात भाषांच्या कुटुंबांची आहेत. रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या स्लाव्हिक भाषा. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श आणि फ्रान्सच्या वायव्य टोकाला बोलली जाणारी ब्रेतों या केल्टिक भाषा. एक कुटुंब युरोपच्या पूर्वेला, तर दुसरं अटलांटिक महासागराच्या काठावर. दोन्ही कुटुंबं इंडो-युरोपीय या मोठ्या भाषाकुळात मोडतात. मराठीही त्याच कुळातली.

या भाषांमधल्या लोककथा कागदावर येण्याचा मोठा काळ म्हणजे एकोणिसावं शतक. जर्मनीत ग्रिम बंधूंनी वाट दाखवली आणि मग देशोदेशी कथा गोळा करणारे तयार झाले. रशियात अलेक्सांद्र अफनासेव यांनी १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत सुमारे ६०० लोककथा छापल्या. स्कॉटलंडमध्ये जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांनी १८६० ते १८६२ दरम्यान पश्चिम हायलंड्समधल्या कथांचे चार खंड काढले. त्यात मूळ गेलिक कथा आणि शेजारी इंग्रजी भाषांतर, अशी मांडणी होती. या दोन संग्रहांमुळेच आज आपल्याला कोश्चेय आणि स्कॉटिश महाकाय एकमेकांसमोर उभे करता येतात.

कोश्चेय : हाडकुळा, म्हातारा आणि अमर

कोश्चेयच्या नावापुढे रशियनमध्ये कायम एक विशेषण येतं. त्याचा अर्थ 'ज्याला मरण नाही असा'. नावाच्या उगमावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण ते 'हाड' या अर्थाच्या रशियन शब्दाशी जोडतात, तर काही जण बंदिवान किंवा गुलाम या अर्थाच्या जुन्या शब्दाशी. चित्रांत आणि चित्रपटांत तो दिसतो तो मात्र हाडांचा सापळा झालेला, चिवट म्हातारा म्हणूनच.

त्याचं मुख्य काम एकच, बायका पळवणं. कधी तो नायकाच्या बायकोला नेतो, कधी आईला. नायक, म्हणजे बहुतेक वेळा राजपुत्र इव्हान, तिला सोडवायला निघतो. पण ज्याला मरणच नाही त्याच्याशी लढणार कसं?

अफनासेव यांच्या संग्रहातल्या एका कथेत कोश्चेय वासिलिसा किर्बित्येव्ना नावाच्या राजकन्येला उचलून नेतो. तो घराबाहेर गेलेला असताना इव्हान आणि त्याचा साथीदार तिच्यापर्यंत पोहोचतात. तिघं मिळून ठरवतात की कोश्चेयचं मरण कुठे आहे, हे आधी काढून घ्यायचं. ते काम वासिलिसाचं.

कोश्चेय घरी येतो. ती लाडीगोडी लावून विचारते. तो सांगतो, माझं मरण उंबरठ्याजवळच्या झाडूत आहे. दुसऱ्या दिवशी तो परततो तर काय, झाडूला सोन्याचा मुलामा दिलेला! हे काय, असं तो विचारतो. ती म्हणते, तुमचं मरण ज्यात आहे ती वस्तू अशी कुठेही टाकून कशी द्यायची? तो तिच्या भाबडेपणाला हसतो आणि दुसरी थाप मारतो. मरण बोकडात आहे म्हणतो. ती बोकडालाही सजवते. तो पुन्हा हसतो आणि या वेळी खरं सांगून टाकतो.

समुद्रात एक बेट आहे. बेटावर ओकचं झाड. झाडाखाली पेटी. पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडं आणि अंड्यात कोश्चेयचं मरण. या कथेच्या सगळ्यात प्रसिद्ध रूपात अंड्यात एक सुई असते आणि मरण त्या सुईच्या टोकावर असतं. रशियन लोकपरंपरेत या बेटाला अनेकदा बुयान म्हणतात. ते कुठल्याही नकाशावर नाही.

पुढचा भाग वेगाने घडतो. वाटेत नायकाने भूक लागलेली असतानाही काही प्राण्यांना जीवदान दिलेलं असतं. तेच आता मदतीला येतात. पेटी उघडताच ससा पळतो, त्याला कुत्रा किंवा लांडगा पकडतो. बदक उडतं, त्याच्यावर गरुड किंवा कावळा झडप घालतो. अंडं समुद्रात पडतं, ते पाण्यातला जीव वर आणून देतो. काही कथांत अंडं या हातातून त्या हातात टाकलं की कोश्चेयही खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटतो. अंडं फुटतं आणि अमर कोश्चेय मरतो.

स्कॉटलंडचा महाकाय : उंबरठ्याखालचा जीव

आता कॅम्पबेल यांच्या पहिल्या खंडातली पहिलीच कथा पाहू. तिचं नाव 'एसी रूआचा तरुण राजा'. ती आयला बेटावरच्या एका अंध फिडलवादकाकडून उतरवून घेतलेली आहे. कथा मोठी आहे, पैजा आहेत, जादूची तलवार आहे. आपल्याला हवा तो भाग उत्तरार्धात येतो.

एक महाकाय तरुण राजाच्या राणीला पळवून नेतो. राजा माग काढत निघतो. वाटेत त्याला रानातला कुत्रा, कड्यावरचा ससाणा आणि नदीतलं पाणमांजर भेटतं. तिघंही त्याचा पाहुणचार करतात आणि गरज पडली तर हाक मार म्हणून सांगतात. राजा महाकायाच्या गुहेपर्यंत पोहोचतो आणि लपून बसतो.

रात्री राणी महाकायाला विचारते, तुमचा जीव असतो तरी कुठे? तो म्हणतो, त्या तिथल्या दगडात. तो बाहेर गेल्यावर राणी दगड छान सजवून ठेवते. संध्याकाळी तो येऊन बघतो. मग सांगतो, दगडात नाही, उंबरठ्यात आहे. दुसऱ्या दिवशी राणी उंबरठा सजवते. हे पाहून मात्र महाकाय विरघळतो. हिला आपल्याविषयी खरंच काही वाटतं, असं त्याला वाटू लागतं. मग तो खरं सांगतो. उंबरठ्याखाली मोठी दगडी लादी आहे. लादीखाली मेंढा, मेंढ्याच्या पोटात बदक, बदकाच्या पोटात अंडं आणि अंड्यात जीव.

सकाळी महाकाय बाहेर पडताच लादी उचलली जाते. मेंढा पळतो, कुत्रा त्याला धरतो. बदक उडतं, ससाणा त्याला खाली आणतो. अंडं पाण्यात पडतं, पाणमांजर ते शोधून देतं. आणि मग अंडं फोडते ती राणी. दोन हातांच्या ओंजळीत धरून ती ते चिरडते. घराकडे निघालेला महाकाय वाटेतच कोसळतो.

याच संग्रहात 'समुद्रकन्या' नावाची आणखी एक कथा आहे. ती १८५९ मध्ये इन्व्हरेरीजवळच्या एका मच्छीमाराने सांगितली होती. तिथे जीव बेटावरच्या हरिणीत आहे. हरिणीतून कावळा निघतो, कावळ्यातून ट्राउट मासा आणि माशाच्या तोंडात अंडं.

काय सारखं, काय वेगळं?

दोन्ही कथांचा सांगाडा जवळजवळ एकच आहे. पळवलेली बाई, शरीराबाहेर ठेवलेला जीव, दोन थापा, तिसऱ्या वेळी सत्य, एकात एक दडलेले प्राणी, मदतीला तीन जीव आणि शेवटी फुटणारं अंडं. तिन्ही मदतनीसांची निवडही तीच, जमिनीवर धावणारा, हवेत उडणारा आणि पाण्यात बुडी मारणारा. जीव तिन्ही ठिकाणी निसटू पाहतो, म्हणून तिन्ही ठिकाणचे राखणदार लागतात.

फरक आहे तो जागेचा. कोश्चेय आपलं मरण जगाच्या टोकाला, नकाशावर नसलेल्या बेटावर नेऊन ठेवतो. स्कॉटिश महाकाय ते स्वतःच्याच दाराखाली पुरतो. गंमत म्हणजे कोश्चेयच्या पहिल्या थापेतही उंबरठा आहे. जी जागा रशियन कथेत थाप आहे, ती स्कॉटिश कथेत सत्याच्या अगदी जवळ आहे. राणी ज्या उंबरठ्याला सजवत होती, जीव त्याच्याच खाली होता.

दुसरा फरक राक्षसांच्या स्वभावाचा. कोश्चेय फुशारकीने सांगतो. ही बाई झाडूला सोनं लावत बसते, हिला सांगून काय बिघडणार, असा त्याचा हिशोब. स्कॉटिश महाकाय हळवा होऊन सांगतो. एकाला ती मूर्ख वाटते, दुसऱ्याला प्रेमळ. दोघांचाही अंदाज चुकतो आणि दोघंही त्यापायी मरतात.

झाडू, उंबरठा, चूल : घरातली हत्यारं

ही युक्ती या दोनच कथांपुरती नाही. सर्बियात वुक कराजिच यांनी गोळा केलेल्या कथांमध्ये ती आणखी ठळक दिसते.

एका कथेत ड्रॅगनने एका म्हातारीला कैदेत ठेवलंय. राजपुत्राच्या सांगण्यावरून ती ड्रॅगनला विचारते, तुझं बळ कुठे आहे? तो म्हणतो, चुलीत. म्हातारी लगेच चुलीचे मुके घेऊ लागते. ड्रॅगन खो खो हसतो आणि म्हणतो, तिथे नाही, घरासमोरच्या झाडात. म्हातारी झाडाला मिठी मारते. मग तो खरा पत्ता देतो. दूरच्या एका राज्यातलं तळं, तळ्यात दुसरा ड्रॅगन, त्याच्या आत रानडुक्कर, आणखी आत एकात एक प्राणी-पक्षी आणि सगळ्यात आत चिमणी.

दुसरी कथा बाश चेलिकची. चेलिक म्हणजे पोलाद. तो नायकाच्या बायकोला पळवतो. बळ कुठे आहे असं तिने विचारल्यावर आधी तलवार सांगतो, मग धनुष्यबाण. ती दोन्ही वेळा त्या वस्तूपुढे हात जोडते. शेवटी कळतं की लांबच्या डोंगरात एक कोल्हा आहे, कोल्ह्याच्या काळजात पक्षी आणि त्या पक्ष्यात बाश चेलिकचं बळ.

या सगळ्या बायकांकडे शस्त्र नाही. त्या बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांच्या हाताशी आहे ते घर, म्हणजे झाडू, उंबरठा, चूल, दगड. घराची निगा राखण्याचं जे काम त्यांच्याकडून गृहीत धरलं जातं, तेच काम त्या थोडं जास्त मनापासून करून दाखवतात. राक्षसाला त्यात काहीच संशयास्पद दिसत नाही. झाडू चकाकतो म्हणून कुणी सावध होत नाही.

आणि प्रत्येक थाप तिच्या कामाचीच ठरते. पहिल्या उत्तराने तिला कळतं की तो खोटं बोलतो. पण तो परत बोलतो, हेही कळतं. म्हणून ती चिडत नाही, रडत नाही, पुन्हा विचारते. राजपुत्राचा प्रवास कितीही लांबचा असो, त्याला पत्ता मिळतो तो या चिकाटीतून.

मग आयर्लंडमध्ये हीच बाई दगाबाज कशी ठरते?

इथपर्यंत सगळं सरळ आहे. राक्षस वाईट, बाई हुशार, शेवट गोड. पण केल्टिक परंपरेचं एक दुसरं, जुनं दालन आहे. ते म्हणजे मध्ययुगीन हस्तलिखितांमधल्या वीरकथा. तिथे हाच प्रसंग वेगळ्या रंगात रंगवलेला दिसतो.

आयर्लंडचा कू री हा जादू जाणणारा बलाढ्य राजा. एका स्वारीत तो अल्स्टरच्या योद्ध्यांना मदत करतो. लुटीतला वाटा मिळाला नाही म्हणून ब्लाथनत नावाच्या तरुणीला घेऊन निघून जातो. तिचं प्रेम मात्र अल्स्टरचा वीर कू खुलिन याच्यावर असतं. कथेच्या एका रूपात कू रीचा जीव सोन्याच्या सफरचंदात आहे, ते सफरचंद सामन माशात आणि तो मासा डोंगरावरच्या झऱ्यात सात वर्षांतून एकदाच दिसतो. ब्लाथनत हे गुपित त्याच्याकडून काढते आणि कू खुलिनला सांगते. कू री मारला जातो.

आता तुलना करा. ब्लाथनतलाही तिच्या मर्जीविरुद्ध आणलेलं आहे. तिनेही गुपित काढलं, प्रियकराला दिलं आणि सुटका मिळवली. वासिलिसाने केलं ते हेच. पण इथे गोड शेवट नाही. कू रीचा निष्ठावान कवी फेरखेर्त्ने धन्याच्या मृत्यूचा सूड घेतो. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या ब्लाथनतला तो मिठीत धरतो आणि तिच्यासकट खाली उडी घेतो.

वेल्समधल्या 'माबिनोगी'च्या चौथ्या शाखेत लेउ नावाचा नायक आहे. त्याचा जीव शरीराबाहेर नाही, पण त्याला मारण्याची रीत इतकी विचित्र आहे की ती कुणाला सुचणारच नाही. तो घरात मरत नाही आणि घराबाहेरही नाही, घोड्यावर मरत नाही आणि पायीही नाही. एक पाय नदीकाठच्या न्हाणीच्या टबाच्या काठावर आणि दुसरा बोकडाच्या पाठीवर असताना, वर्षभर खपून बनवलेल्या भाल्यानेच त्याच्यावर वार होऊ शकतो. त्याची बायको ब्लोडायवेद हे सगळं त्याच्याकडून काढून घेते. तुमची काळजी वाटते म्हणून विचारते, असं सांगून. मग ते तिच्या प्रियकराला कळवते. लेउ मात्र वाचतो आणि ब्लोडायवेदला शिक्षा म्हणून घुबड बनवलं जातं.

ब्लोडायवेद मुळात फुलांपासून घडवलेली बाई आहे. लेउला माणसाच्या जातीची बायको मिळू नये असा शाप असतो, म्हणून जादूगार तिला फुलांपासून तयार करतात. लग्न करायचं की नाही हे तिला कुणी विचारलेलं नाही. तिच्या नावाचा अर्थ फुलासारखा चेहरा असलेली, तर ब्लाथनत म्हणजे छोटंसं फूल. आयर्लंड आणि वेल्स, दोन्हीकडे गुपित काढणाऱ्या बाईचं नाव फुलावरून आहे.

म्हणजे कृती तीच, प्रश्न तेच, काळजीचं नाटकही तेच. एका कथेत त्याला हुशारी म्हणतात, दुसरीत दगा. फरक कशाने पडला? गोष्ट कुणाच्या बाजूने उभी आहे, याने. वीरकथेत ज्याचा जीव धोक्यात आहे तो राजा किंवा नायक आहे. त्याच्याभोवती कवी आहेत, निष्ठा आहे, त्याचं नाव मागे राहायला हवं आहे. लोककथेत तोच माणूस बायका पळवणारा राक्षस आहे आणि गोष्ट त्याच्या घरात कोंडलेल्या बाईसोबत बसलेली आहे. कू रीची गोष्ट ब्लाथनतच्या आईने सांगितली असती, तर कदाचित तोही कोश्चेयसारखाच दिसला असता.

मुळात ही कथा कुणाची?

लोककथांचे अभ्यासक जगभरातल्या सारख्या कथांना क्रमांक देतात. फिनलंडचे आंटी आर्ने यांनी १९१० मध्ये ही यादी सुरू केली. अमेरिकेचे स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि २००४ मध्ये जर्मनीचे हान्स-यॉर्ग उटर यांनी तिला आजचं रूप दिलं. तिघांच्या आडनावांवरून तिला एटीयू म्हणतात. त्यात 'अंड्यातलं राक्षसाचं काळीज' हा कथाप्रकार ३०२ क्रमांकावर आहे. कोश्चेय आणि स्कॉटिश महाकाय दोघंही त्याच खणात बसतात.

थॉम्पसन यांनी कथांमधल्या छोट्या छोट्या कल्पनांचीही वेगळी सूची केली होती. त्यात शरीराबाहेरचा जीव ही कल्पना मृत्यू आणि आत्म्याशी संबंधित विभागात आहे. पण हे गुपित युक्तीने काढून घेणं याची नोंद 'फसवणूक' या विभागात आहे. सूची करणाऱ्यांनाही कुठलीतरी बाजू घ्यावीच लागते.

ही कथा फक्त स्लाव्ह आणि केल्ट लोकांची नाही. नॉर्वेत शरीरात काळीज नसलेला राक्षस आहे. 'अरेबियन नाइट्स'मधल्या सैफ अल्-मुलूकच्या कथेत जिनचा जीव चिमणीत आहे आणि ती चिमणी एकात एक ठेवलेल्या पेट्यांमध्ये, समुद्रात आहे. सगळ्यात जुना नमुना इजिप्तचा. ब्रिटिश म्युझियममधल्या सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या पपायरसवर दोन भावांची कथा आहे. त्यातला धाकटा भाऊ बाटा आपलं काळीज झाडाच्या फुलावर ठेवतो आणि ते बायकोला सांगतो. ती झाड तोडायला लावते आणि बाटा मरतो. पुढे थोरला भाऊ ते काळीज शोधून त्याला जिवंत करतो. थोडक्यात, जीव कुठे आहे हे बायकोला सांगणं आणि त्यापायी मरणं, हा भाग तेव्हापासूनचा आहे.

आणि हो, दख्खनही या यादीत आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी फ्रेअर हिने १८६८ मध्ये दख्खनच्या लोककथांचं इंग्रजी पुस्तक छापलं. त्यातल्या गोष्टी सांगितल्या होत्या घरातल्या आया अ‍ॅना लिबराटा डिसूझा यांनी. त्यांचे आजोबा गोव्याच्या परिसरात ख्रिस्ती झाले होते आणि गोष्टी आजीकडून आलेल्या होत्या. पुस्तकातली पहिलीच कथा पंचकिन नावाच्या जादूगाराची आहे. तो बालना नावाच्या राजकन्येला कैदेत ठेवतो. वर्षानुवर्षं ती त्याच्याशी लग्नाला नकार देते. मग तिचा मुलगा तिथे पोहोचतो आणि ती लग्नाला तयार असल्याचं नाटक करून त्याचा जीव कुठे आहे ते विचारते. घनदाट जंगलात ताडांच्या झाडांच्या वर्तुळात पाण्याच्या सहा घागरी एकावर एक आहेत आणि त्यांच्याखाली पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे. बाकी काय होतं ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

अफनासेव, कॅम्पबेल आणि फ्रेअर यांचे संग्रह अवघ्या चौदा वर्षांच्या अंतरात छापले गेले. आयला बेटावरच्या अंध वादकाने आणि अ‍ॅना डिसूझांच्या आजीने एकमेकांची गोष्ट ऐकली असण्याची शक्यता नाही. तरी दोघांच्या गोष्टीत कैदेतली बाई तोच प्रश्न विचारते.

ही कल्पना आली कुठून, यावर वेगवेगळी मतं आहेत. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० मध्ये आलेल्या 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात अशा कथांचा ढीग जमवला आणि म्हटलं की यामागे जुनी श्रद्धा आहे. जीव ही वेगळी काढून ठेवता येणारी वस्तू आहे आणि धोक्याच्या वेळी ती सुरक्षित जागी ठेवलेली बरी, अशी ती श्रद्धा. काही जण सारख्या भाषाकुळाकडे बोट दाखवतात. पण इजिप्शियन आणि अरबी भाषा त्या कुळात बसत नाहीत, त्यामुळे तेवढ्याने सगळं उलगडत नाही. व्यापारी, सैनिक, खलाशी, गुलाम, लग्न होऊन परमुलखात गेलेल्या मुली यांच्या तोंडून गोष्टी भाषांच्या सीमा ओलांडत राहतात, हेही खरं.

अंडं उरलं, बाई गेली

कोश्चेय आजही जिवंत आहे. १९०२ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव यांनी त्याच्यावर ऑपेरा केला. त्यात कोश्चेयने आपलं मरण मुलीच्या अश्रूत लपवलंय. ती कधीच रडत नाही, म्हणून तो निर्धास्त आहे. शेवटी ती रडते. १९१० च्या स्त्राविन्स्की यांच्या 'फायरबर्ड' या बॅलेमध्ये राजपुत्र अंडं फोडतो आणि कोश्चेय संपतो. पण तिथे अंड्याचं गुपित त्याला अग्निपक्षी सांगतो. कैदेतली राजकन्या आहे, मात्र तिच्या वाट्याला प्रश्न विचारणं नाही, सुटका होण्याची वाट बघणं आहे.

नव्या पिढीला हीच कल्पना भेटली ती 'हॅरी पॉटर'मधून. व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे करून वस्तूंमध्ये लपवले, त्यांना पुस्तकात हॉरक्रक्स म्हणतात. २००६ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या भागात डेव्ही जोन्सचं काळीज पेटीत धडधडत होतं. पेटी, लपवलेला जीव, तो शोधण्याची मोहीम, सगळं ओळखीचं आहे. हॉरक्रक्सचं गुपित मात्र व्होल्डेमॉर्टच्या घरात कोंडलेली कुणी बाई काढत नाही. ते एका प्राध्यापकाच्या आठवणीतून बाहेर येतं.

जुन्या लोककथेत मोहीम सुरू होण्याआधी एक रात्र असायची. राक्षस जेवून बसलेला आणि समोरची बाई सहज विचारल्यासारखं विचारते आहे. पुढचं बेट, झाड, पेटी, ससा, बदक सगळं त्या प्रश्नावर उभं होतं. बालनाच्या आणि वासिलिसाच्या कथेत तो प्रश्न अजून आहे. पुढच्या वेळी कुणी 'राक्षसाचा जीव पोपटात' म्हणालं, तर पोपट कुठे आहे हे शोधलं कुणी, तेही विचारून बघा.